मोटारींतील गारवा आणि त्याचे विकार

जुन्या मोटारींतील गारवा नाहींसा झाला, म्हणजे दुरुस्तीच्या दुकानांत बहुधा एकच निदान ऐकूं येतें: "गॅस संपला." लोखंडी नळकांड्यांतून गॅस भरला जातो, पांचदहा मिनिटांत गार वारा वाहूं लागतो, मालक पैसे देऊन समाधानानें घरीं जातो, आणि पुढच्या चैत्रांत तीच मोटार त्याच दुकानाच्या दारांत पुन्हां उभी राहते. वैद्यानें ताप पाहून तापाचें औषध द्यावें, पण ताप कशानें आला हें विचारूं नये, तशांतलाच हा प्रकार. बंद नळ्यांतून फिरणारा हा गॅस पेट्रोलाप्रमाणें जळत नाहीं. वापरानें तो संपत नाहीं. तो कमी झाला असेल तर कोठून तरी बाहेर गेला आहे. 'कोठून' हा प्रश्न न विचारण्याची संवय मोटारींतील गारव्याइतकीच जुनी आहे, आणि तिची किंमत मालकाच्या खिशापुरती राहिली नाहीं, हें त्या गारव्याचा इतिहास पाहिला म्हणजे कळून येतें.

मोटारीचा जन्म थंड देशांत झाला. म्हणून तिच्यांत प्रथम आली ती ऊब. आरंभींच्या मोटारी उघड्या असत. हिंवाळ्यांत बसणारी मंडळी गुडघ्यांवर घोंगडी घेत आणि पायांखालीं निखाऱ्यांची पेटी ठेवीत. घोडागाडींतलीच ही रीत. पुढें बंद टपाच्या मोटारी झाल्या, तेव्हां एंजिनाच्या धुराच्या नळीभोंवतीं तापलेली हवा आंत घेण्याची युक्ति निघाली. ही ऊब फुकट मिळे. पण नळीस बारीकसें छिद्र पडलें कीं तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन विषारी वायुही आंत शिरे. त्याहून शहाणपणाचा मार्ग असा कीं, एंजिनास थंड राखणारें पाणी स्वतः तापलेलें असतेंच. तें एका लहानशा रेडिएटरांतून फिरवावें आणि त्यावरून पंख्यानें वारा सोडावा. अमेरिकेंतील नॅश कंपनीनें १९३८ च्या मोटारींत या पद्धतीस चांगलें रूप दिलें. तिच्या 'वेदर आय' नांवाच्या योजनेंत बाहेरची ताजी हवा गाळून, तापवून आंत सोडीत. त्यामुळें आंतील दाब किंचित् वाढे आणि फटींतून येणारा बोचरा वारा बाहेरच राही. पुढच्याच वर्षीं तींत उष्णतामान राखणाऱ्या थर्मोस्टॅटची भर पडली. एंजिनावर चालणाऱ्या मोटारींत आजही ऊब याच वाटेनें येते.

गारव्याचें तसें नाहीं. ऊब ही एंजिनाच्या वायां जाणाऱ्या उष्णतेंतून मिळते. गारवा एंजिनाचें बळ खर्चून कमवावा लागतो. हातावर थोडें स्पिरिट ओतलें तर तें उडून जातांना हाताची उष्णता घेऊन जातें. शीतयंत्रांत हेंच घडतें; फक्त उडालेली वाफ पुन्हां पकडून तिचा पुन्हां द्रव करण्यांत येतो. एंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर वाफ दाबतो, आणि दाबल्यानें ती तापते. तापलेली वाफ मोटारीच्या तोंडाशीं, रेडिएटराच्या पुढें बसविलेल्या कन्डेन्सरांत जाते. तेथें वाऱ्यानें तिची उष्णता निघून जाऊन तिचा द्रव होतो. हा द्रव एका अरुंद झडपेंतून सुटला कीं त्याचा दाब एकदम उतरतो, आणि बसण्याच्या जागेंतील उष्णता शोषून तो पुन्हां उकळूं लागतो. ज्या जाळींत तो उकळतो तिला कारागीर कूलिंग कॉइल म्हणतात. तिच्यावरून जाणारा वारा गार होतो, आणि वाऱ्यांतील बाष्प तिच्यावर दंवासारखें जमून थेंबाथेंबानें गाडीखालीं गळतें. मुंबईच्या व कोंकणाच्या दमट हवेंत हें पाणी इतकें पडतें कीं नवखा मालक घाबरून जातो. पण तो रोग नसून प्रकृति ठीक असल्याची खूण आहे. रोग आहे तो उलटा: पाणी बाहेर जाण्याची नळी कचऱ्यानें तुंबली, तर तेंच पाणी आंत पायांखालच्या गालिच्यांत मुरतें आणि मोटारीस कुबट वास येऊं लागतो.

अशा यंत्रांत फिरवावयाचा वायु कोणता, हा प्रश्न फार दिवस अडलेला होता. बर्फाच्या कारखान्यांत अमोनिया चाले. घरगुती शीतपेट्यांत सल्फर डायॉक्साइड किंवा मेथिल क्लोराइड असे. हे सारेच विषारी. त्यांपैकीं पहिल्या दोघांत एक गुण मात्र होता. ते कोठें गळूं लागले तर नाकास तत्काळ वर्दी मिळे आणि घरांतील माणसें खोकत बाहेर पळत. चार माणसें कोंडून बसलेल्या मोटारींत असला वायु नेण्यास कोण धजणार? १९२८ सालीं जनरल मोटर्सच्या कामावर असलेल्या थॉमस मिजली या रसायनज्ञानें आपल्या सहकाऱ्यांसह हा प्रश्न सोडविला. कार्बन, क्लोरीन आणि फ्लोरीन यांच्या संयुगांतून त्यानें असा वायु काढला, कीं जो नेहमींच्या दाबाखालीं शून्याखालीं सुमारें ३० अंश सेंटिग्रेडवर उकळतो आणि तरीही माणसास बाधत नाहीं. एप्रिल १९३० मध्यें अटलांटा येथें अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेंत मिजलीनें तो वायु छातींत भरून घेतला आणि हळूच सोडून एक जळती मेणबत्ती विझविली. वायु विषारी नाहीं आणि ज्वालाग्राहीही नाहीं, हें एका फुंकरींत सिद्ध झालें. फ्रीऑन या व्यापारी नांवानें प्रसिद्धीस आलेला तो हाच. पेट्रोलांत शिसें मिसळण्याची कल्पनाही १९२१ सालीं याच गृहस्थास सुचली होती, हें जातां जातां नमूद करण्यास हरकत नाहीं.

फ्रीऑनला वास नाहीं आणि रंगही नाहीं. माणसाचा जीव सुरक्षित झाला. पण गळतीची वर्दी देणारा पहारेकरी त्याच दिवशीं निघून गेला. यापुढें नाकाचें काम उपकरणांनीं आणि अकलेनें करावयाचें होतें.

नोव्हेंबर १९३९ मध्यें शिकागोच्या मोटार-प्रदर्शनांत पॅकार्ड कंपनीनें १९४० च्या नमुन्याची वातानुकूलित मोटार लोकांपुढें मांडली. यंत्रसामग्री क्लीव्हलंडच्या बिशप अँड बॅबकॉक कंपनीची होती. ती बसविण्यासाठीं गाड्या डेट्रॉइटहून तेथें पाठवाव्या लागत. या सोयीची जादा किंमत २७४ डॉलर. पंखा आणि कूलिंग कॉइल मिळून सामानाच्या कप्प्याचा निम्मा भाग अडवीत. गार वारा मागच्या बैठकीच्या पाठीमागून येई, आणि आंतलीच हवा पुन्हां पुन्हां फिरे. चालकाच्या स्वाधीन पंख्याच्या बटणाखेरीज कांहीं नसे. उष्णतामान राखण्याची योजना नव्हती, आणि कॉम्प्रेसर एंजिनापासून तात्पुरता सुटा करण्याचीही सोय नव्हती. गारवा खरोखरच बंद करावयाचा तर एंजिन थांबवून, बोनेट उघडून, हातानें पट्टा काढून घ्यावा लागे! निदानाच्या दृष्टीनें मात्र ही मोटार सोपी होती. पट्टा जागेवर आहे का, पंखा फिरतो का, गॅस आहे का. चौथा प्रश्न फारसा उरत नसे. लोकांनीं तिचें कौतुक केलें, परंतु विकत थोड्यांनींच घेतली. १९४१ सालीं कॅडिलॅकनेंही सुमारें ३०० मोटारींत अशीं यंत्रें बसविलीं. १९४२ च्या आरंभीं युद्धामुळें अमेरिकेंत खाजगी मोटारींचें उत्पादनच बंद पडलें, आणि तो खेळ तेथेंच थांबला.

तो पुन्हां सुरू झाला १९५३ सालीं. क्रायस्लर, जनरल मोटर्स आणि पॅकार्ड या तिघांनींही त्या वर्षीं वातानुकूलित मोटारी विक्रीस आणल्या. जनरल मोटर्सच्या गाड्यांत यंत्र अजून मागच्या कप्प्यांतच होतें. मागल्या कांचेजवळून पारदर्शक नळ्या छताकडे जात, आणि त्या येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडणें हें श्रीमंतीचें एक लक्षणच होऊन बसलें. १९५४ सालीं नॅशनें सारें यंत्र मोटारीच्या पुढच्या भागांत, बोनेटखालीं आणि डॅशबोर्डामागें आणलें, ऊब आणि गारवा यांची एकच व्यवस्था केली आणि किंमत ३४५ डॉलर ठेवली. चुंबकाच्या क्लचनें कॉम्प्रेसर हवा तेव्हां जोडण्याची व सोडण्याची सोयही या काळांत रूढ झाली. पट्टा काढण्याचे दिवस संपले. १९६९ च्या सुमारास अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकीं निम्म्याहून अधिक मोटारी वातानुकूलित होत्या.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. घरच्या रेफ्रिजरेटरांत कॉम्प्रेसर आणि त्याची विजेची मोटर एकाच पोलादी भांड्यांत झाळून बंद केलेलीं असतात. त्यामुळें एकदां भरलेला गॅस वीसतीस वर्षेंही टिकूं शकतो. मोटारींत तें शक्य नाहीं. कॉम्प्रेसर एंजिनानें फिरवावयाचा, म्हणजे त्याचा दांडा गॅसच्या कोठींतून बाहेर काढणें भाग आहे, आणि फिरणाऱ्या दांड्याभोंवतीं बसविलेलें सील कितीही चांगलें असलें तरी कालांतरानें झिजतें. एंजिन सदैव थरथरतें, म्हणून नळ्याही लवचिक रबराच्या घ्याव्या लागतात, आणि रबरांतून गॅस थोडा थोडा पाझरतो. शिवाय दांड्याचें सील तेलानें ओलें राहिलें तरच धड राहतें, आणि तेल फिरतें तें गॅसबरोबर. मालकानें हिंवाळाभर यंत्र चालविलेंच नाहीं, तर सील कोरडें पडून उन्हाळ्याच्या तोंडीं गळूं लागतें. काटकसर म्हणून गारवा बंद ठेवणाऱ्यासच आधीं गॅस भरावा लागतो, ही या यंत्राची एक थट्टाच आहे. सारांश, मोटारीची गळती हा निव्वळ अपघात नव्हे. तो तिच्या घडणींतला दोष आहे. म्हणूनच गळती कोठें आहे आणि किती आहे हें शोधणें, हीच या धंद्यांतील खरी विद्या ठरली.

या विद्येचें मुख्य साधन म्हणजे दाब दाखविणारीं दोन घड्याळें. एक निळें आणि एक तांबडें. निळें कॉम्प्रेसरच्या शोषणाच्या अंगास जोडावयाचें, तांबडें सोडण्याच्या अंगास. जुन्या फ्रीऑनचा एक सोयीचा गुणधर्म असा कीं, निळ्या घड्याळांत चौरस इंचास ३० पौंड दाब दिसला, कीं त्या दाबाखालीं उकळणाऱ्या द्रवाचें उष्णतामान पाणी गोठण्याच्या बिंदूइतकें असतें. म्हणजे दाबाचें घड्याळ हेंच थर्मामीटर झालें! तांबड्या घड्याळांतील आंकडा बाहेरच्या उन्हाप्रमाणें १५० ते २५० पौंडांच्या दरम्यान असावयाचा. या दोन सुयांचें नातें म्हणजे रोग्याच्या दोन्ही हातांच्या नाड्या. दोन्ही दाब कमी असतील तर गॅस कमी झाला आहे. दोन्ही प्रमाणाबाहेर चढले असतील तर गॅस अधिक झाला, नळ्यांत हवा शिरली, किंवा कन्डेन्सरच्या पात्यांत धूळ व किडे अडकून त्याचा श्वास कोंडला. निळा चढलेला आणि तांबडा उतरलेला, तर कॉम्प्रेसर म्हातारा झाला. निळी सुई शून्याच्याही खालीं जाऊं लागली, तर अरुंद झडपेंत कांहीं तरी अडलें आहे.

हें अडणें पुष्कळदां फार मौजेचें असतें. कारखान्यांतून गाडी निघते ती गार. अर्ध्या तासांत वारा ऊन होतो. मालक चिडून गाडी सावलींत उभी करतो, चहा घेतो, आणि परत येऊन पाहतो तों वारा पुन्हां बर्फासारखा. दुकानांत नेली तर रोगाची खूण नाहीं. कारण असें कीं, नळ्यांत पाण्याचा अंश शिरला आहे. तो झडपेच्या अरुंद तोंडाशीं गोठून बर्फाची गुठळी होते आणि द्रवाची वाट बंद पडते. यंत्र थांबलें कीं गुठळी वितळते आणि पुरावाही तिच्याबरोबर नाहींसा होतो. याच्याशीं साम्य असणारा दुसरा एक विकार आहे: कूलिंग कॉइलवरच बाहेरून बर्फ चढतें. दोहोंतला भेद जाणता कारागीर वाऱ्यावरून ओळखतो. कॉइलवर बर्फ चढलें तर वाऱ्याचा जोरच हळूहळू मंदावतो. झडपेंत गुठळी झाली तर वाऱ्याचा जोर तोच राहतो, फक्त गारवा जातो. गाडी पळत असतां गार आणि गर्दींत थांबली कीं ऊन, हा तिसरा प्रकार. त्यांत दोष बहुधा कन्डेन्सरावर वारा सोडणाऱ्या पंख्याचा असतो. या तिन्ही प्रसंगीं गॅस पुरेसा असूं शकतो. तशांत आणखी गॅस भरला तर दोन्ही दाब चढतात, गारवा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर भार पडतो. औषधानेंच रोग्यास आणखी अशक्त करावें तसें हें.

प्रत्यक्ष गळती हुडकण्यास साबणाचा फेस होताच. पण बारीक गळतीस तो पुरत नसे. तेव्हां एक लहान दिवा प्रचारांत आला. त्याच्या ज्योतींत तांब्याची तबकडी तापवावयाची आणि ज्योतीस लागणारी हवा एका रबरी नळीनें नळ्यांच्या सांध्यांजवळून ओढावयाची. हवेंत फ्रीऑनचा अंश असला कीं निळसर ज्योत हिरवी होई. गळती मोठी असली तर ती गडद निळी-जांभळी दिसे. उघड्या डोळ्यांस अदृश्य असलेला वायु असा रंगानें पकडला जाई. मात्र त्या ज्योतींत फ्रीऑन जळून फॉस्जीन या भयंकर विषाचा अंश उत्पन्न होतो, म्हणून हें काम मोकळ्या हवेंत करावें लागे. घाईच्या वेळीं दिवा कोपऱ्यांतच राही. दुकानांत गॅसचे लहान डबे स्वस्त मिळत. एक डबा रिकामा करणें हें गळती शोधण्याहून सोपें होतें, आणि गिऱ्हाइकासही तेंच हवें असे.

१९६४ सालीं निदानाचें काम आणखी बिकट झालें. कॅडिलॅकनें त्या वर्षीं 'कम्फर्ट कंट्रोल' नांवाची व्यवस्था आणली. चालकानें हवें तें उष्णतामान एकदां चाकावर लावून ठेवावयाचें. ऊब किती, गारवा किती, पंखा किती, हें यंत्रानें आपलें आपण ठरवावयाचें. उष्णतामान ओळखणारे घटक बाहेरच्या हवेंत, बसण्याच्या जागेंत आणि वाऱ्याच्या वाटेंत बसविलेले असत. त्यांच्याकडून येणारा विजेचा इषारा वाढवून त्याचें रूपांतर एंजिनाच्या शोषणांतून मिळणाऱ्या निर्वाताच्या कमीअधिक ओढींत करीत, आणि त्या ओढीनें डॅशबोर्डामागील लहानमोठीं दारें हलत. पॅकार्डच्या गाडींत ज्या मोटारमालकास पट्टा स्वतः काढावा लागे, त्याच्या मुलास आतां बोटही हलवावें लागत नव्हतें. पण रोगानें आपली जागा बदलली. गॅस पुरेसा, कॉम्प्रेसर तरुण, कूलिंग कॉइल बर्फासारखी गार; आणि वारा मात्र ऊन! कारण गार वाऱ्यांत ऊन वारा मिसळणारें दार अर्धवट उघडें राहिलेलें असे, किंवा गरम पाण्याची झडप मिटत नसे. यावर जुन्या कारागिरांची एक साधी परीक्षा होती: गरम पाण्याची रबरी नळी चिमट्यानें दाबून धरावयाची, वारा तत्काळ गार झाला, तर दोष त्या झडपेचा.

निर्वातावर चालणाऱ्या मोटारींचें आणखी एक लक्षण प्रसिद्ध आहे. घाट चढूं लागलें कीं तोंडावर येणारा वारा आपोआप समोरच्या कांचेकडे वळतो, आणि उतार लागला कीं परत येतो. यांत भुताटकी कांहीं नाहीं. चढावर एंजिनावर भार पडला म्हणजे त्याच्या शोषणाची ओढ कमी होते. अशा वेळीं उपयोगी पडावी म्हणून थोडी ओढ एका लहान डब्यांत सांठवून ठेवलेली असते. तो डबा, त्याची झडप किंवा एखादी बारीक नळी फुटली असेल तर सांठा उरत नाहीं. दारें ओढणारें बळ गेलें कीं अनेक गाड्यांत वारा कांचेकडेच जावा, अशी रचना मुद्दामच केलेली असते. चालकास निदान समोरचा रस्ता तरी दिसावा. चिरलेल्या नळीचा बारीक सुसकारा डॅशबोर्डाजवळ कान लावला तर ऐकूं येतो.

या काळांतील सर्वांत खर्चाचें दुखणें क्रायस्लरच्या 'ऑटो-टेम्प टू' या व्यवस्थेचें. तिच्यांत गरम पाण्याची झडप, निर्वाताच्या वाटा आणि विजेचे संपर्क हे सारे एकाच पेटींत बसविले होते, आणि ती पेटी प्लास्टिकची होती. एंजिनाचें कढत पाणी त्याच पेटींतून वाहे. रोज तापणें आणि निवणें यांनीं प्लास्टिक वांकडें होई, त्याला चिरा पडत, आणि पाणी नको तेथें शिरे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धांत मर्सिडीझ-बेन्झनेंही आपल्या कित्येक उंची मोटारींत हीच पेटी घेतली, आणि एरव्हीं पोलादासारख्या टिकाऊ म्हणून ख्याति असलेल्या त्या मोटारी या एका अवयवापायीं दुकानांत जाऊं लागल्या. पुढें इतर कारागिरांनीं तिचें कवच ॲल्युमिनियमचें करून विकलें. त्या गाड्या आजही हौशी लोकांकडे आहेत, आणि त्यांचा गारवा बिघडला तर प्रथम या पेटीकडे पाहतात.

ऊबेच्या अंगास मात्र नाकाची मदत अद्याप मिळते. आंतील लहान रेडिएटर गळूं लागला तर पाण्यांत मिसळलेल्या ग्लायकॉलचा गोडसर वास मोटारींत पसरतो आणि कांचेवर तेलकट धुकें बसतें. वास नाहीं आणि ऊबही नाहीं, तर एंजिनाचें पाणी कमी आहे, तें पुरेसें तापत नाहीं, किंवा तो रेडिएटर गाळानें भरला आहे. ऊबेचें निदान येथेंच आटोपतें.

आतां त्या दुकानांतून बाहेर पडलेल्या गॅसकडे वळलें पाहिजे. दर उन्हाळ्यांत भरलेला आणि दर हिंवाळ्यांत नाहींसा झालेला हा वायु गेला कोठें? तो कशाशींही संयोग पावत नाहीं, पावसांत विरघळत नाहीं. वातावरणांत त्याचें आयुष्य सुमारें १०० वर्षांचें आहे. १९७४ सालीं कॅलिफोर्नियांतील मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड या शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, हे वायु सावकाश वर चढत जातात, उंचावरील प्रखर सूर्यकिरणांनीं फुटतात, आणि त्यांतून सुटलेलें क्लोरीन ओझोनचा नाश करतें. सूर्याचे घातक किरण अडविणारें पृथ्वीचें छत्र तें हेंच. ज्या निरुपद्रवी स्वभावामुळें मिजलीनें तो वायु छातींत भरून घेतला, त्याच स्वभावामुळें तो खालीं कोठेंही न मोडतां वरपर्यंत पोंचत होता. १९८५ सालीं ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं अंटार्क्टिकावरील ओझोनचें विवर जगापुढें आणलें. १६ सप्टेंबर १९८७ रोजीं माँट्रियल येथें करार झाला. मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झेन यांस १९९५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. फवाऱ्याचे डबे आणि इतर शीतयंत्रें यांचाही या नाशांत वाटा होता. पण मोटार हें त्यांतलें मोठें भोंक होतें. नॅशच्या पहिल्या मोटारींतून सुटलेल्या वायूपैकीं कांहीं भाग अजूनही आकाशांत आहे.

अमेरिकेंत १९९२ पासून हा गॅस हवेंत सोडून देणें कायद्यानें बंद झालें, आणि लहान डबे केवळ प्रमाणपत्र मिळविलेल्या कारागिरांसच मिळूं लागले. १९९५ च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबलें. भाव भडकले, आणि ज्या गॅसकडे पूर्वीं कोणी ढुंकूनही पाहत नसे त्याची चोरटी आयात सुरू झाली. हिंदुस्थान १९९२ सालीं माँट्रियलच्या करारांत सामील झाला. येथील उत्पादन १ ऑगस्ट २००८ पासून बंद झालें. नव्या मोटारींत आर-१३४ए नांवाचा, क्लोरीन नसलेला वायु आला. ओझोनचें छत्र सावरत आहे, आणि २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाप्रमाणें जगाच्या बहुतेक भागांवर तें २०४० च्या सुमारास १९८० च्या स्थितीस पोंचावें. अंटार्क्टिकावर याहून पुष्कळ उशीर लागेल.

जुन्या मोटारीच्या मालकापुढें मात्र यामुळें नवाच पेंच उभा राहिला. जुन्या गॅसबरोबर फिरणारें खनिज तेल नव्या गॅसांत मिसळत नाहीं; तें एका कोपऱ्यांत साचतें आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून घासतो. नव्या गॅसचे कण लहान, म्हणून जुन्या रबरी नळ्यांतून ते अधिक सहज निसटतात. भरावयाचें वजनही जुन्या गॅसच्या मानानें सुमारें १० ते २० टक्के कमी ठेवावें लागतें; गाडीवरील जुन्या पट्टींत लिहिलेल्या आंकड्याप्रमाणें भरला तर अतिभाराचा रोग हातानें लावून घेतल्यासारखें होतें. तेव्हां बदल करावयाचा तर जुनें तेल काढणें, ओलावा शोषणारी कुपी बदलणें आणि सांधे नवे करणें हें ओघानेंच आलें. हें सारें टाळण्यासाठीं कांहीं ठिकाणीं स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचे ज्वालाग्राही वायु भरण्यांत येतात. गार वारा तेही देतात. पण टक्कर झाली आणि कूलिंग कॉइल फुटली, तर तो वायु थेट बसणाऱ्यांच्या जागेंत शिरतो. म्हणून जुन्या मोटारीपुढें आज पहिला प्रश्न "गॅस किती?" हा नसून "गॅस कोणता?" हा आहे. शिवाय आर-१३४ए ओझोनास बाधत नसला तरी पृथ्वी तापविण्याच्या कामीं तो कर्बवायूच्या हजार पटींहून अधिक समर्थ आहे. २०१६ सालीं किगाली येथें झालेल्या दुरुस्तीनें असल्या वायूंचा वापरही टप्प्याटप्प्यानें कमी करण्याचें ठरलें.

चांगल्या दुकानांत आज हें काम असें चालतें. आंत उरलेला गॅस यंत्रानें ओढून घेऊन तोलतात. किती उरला होता यावरून किती गेला हें कळतें. मग नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबानें भरून सांधे तपासतात, आणि गळती सांपडली तर तेवढा भाग बदलतात. नंतर पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओलावा निदान अर्धा तास उपसतात, पंप बंद करतात आणि निळ्या घड्याळाकडे पाहत थांबतात. मालक बाहेर घाईंत असतो. गॅसचें नळकांडें शेजारींच भरलेलें असतें. सुई जागची हलली, तर नळकांड्याची चावी उघडावयाची नाहीं; दिवा घेऊन पुन्हां पहिल्या सांध्यापासून सुरुवात करावयाची.